दाजींच्या गाडीचे पाच फेरे

आमच्या दाजींनी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली, की ती पुरी होईपर्यंत नगर जिल्ह्यात कुणालाही सुखानं बसू द्यायचं नाही, असा त्यांचा आणि देवाचा काहीतरी करार झालेला होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे पारनेर तालुक्यातले, धंद्यानं इंजिन मिस्त्री. विहिरीचं पाणी उपसायला ऑइल इंजिनं असतात ना, ती दुरुस्त करायची. सुप्यापासून खर्ड्यापर्यंत कुठल्याही मळ्यातलं इंजिन खोकायला लागलं, की एसटीच्या टपावर सायकल टाकून, पान्यांची पिशवी खांद्याला अडकवून दाजी निघालेच. अशा माणसानं एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला नगरातल्या राहत्या घराच्या अंगणात शर्यतीची मोटार तयार करायला घेतली. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि अक्काकडेच मागच्या खोलीत राहत होतो. म्हणजे मला पळून जायलाही जागा नव्हती.

मोटार मूळची भिंगारच्या छावणीतल्या एका लष्करी साहेबाची. दोन माणसांची, बिनटपाची, विलायती. साहेबानं हौसेनं तिचं इंजिन खोललं होतं आणि ते परत जोडता येईना म्हणून चार खोक्यांत भरून ठेवलं होतं. बदलीचा हुकूम आल्यावर दाजींना तो म्हणाला, घेऊन जा, माझी जागा मोकळी कर. दाजींनी लगोलग ओळखीची बैलजोडी आणली. पुढं बैल, मागं मोटार, सुकाणूवर दाजी आणि शेजारच्या सीटवर चार खोकी, अशी ती वरात भिंगारहून नगरच्या भर बाजारातून आली. मी शाळेतून घरी येत होतो. माझ्या वर्गातली पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या पिटत होती आणि दाजी मला मोठ्यानं हाका मारत होते, "मास्तर, बसा की! जागा करतो!" मी त्या दिवशी ओळख दाखवली नाही. आज कबूल करतो.

ही मोटार पळवायची कुठं, तर मुंबईच्या बाहेर एक जुनी, विमानं उतरायची बंद झालेली धावपट्टी होती, तिथं वर्षातून एकदा हौशी लोक आपापल्या गाड्या पळवत. पहिल्या वर्षी खोक्यांतलं इंजिन जोडून तयार होतं, पण आमचा फॉर्म उशिरा पोचला, कारण तो इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. दाजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी गिअरबॉक्सचे दात गेले. तिसऱ्या वर्षी फॉर्मबरोबर पत्रच आलं, की यंदाचं हे शेवटचं, पुढं ती जागा दुसऱ्या कामाला जाणार. पाच फेऱ्यांची शर्यत, येणाऱ्यांनी वेळेवर यावं. मी ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, "दाजी, सोडा आता हा नाद. सगळं गाव हसतंय."

दाजी हात पुसत म्हणाले, "मास्तर, आजवर मी इंजिनं किती चालू केली त्याला गनती न्हाई. पन सगळी सिमेटाच्या ओट्यावर बोल्टानं आवळलेली. दिसभर धावत्यात, आन हाईत तितंच. माज्या हातचं येक तरी इंजिन पळताना मला बघायचंय. पाच फेरे. सहावा मागत न्हाई मी." कपाळ माझं! मी मुकाट्यानं फॉर्म भरला.

त्या वर्षी दाजींना वजनाचं वेड लागलं. हलकी गाडी जास्त पळते हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. भुसार दुकानदाराकडून त्यांनी लटकता ताणकाटा मागून आणला, तो लिंबाला टांगला आणि मोटारीचा एकेक अवयव काढून तोलायला सुरुवात केली. गालिचा गेला, काचा गेल्या, हॉर्न गेला, पुढचा आणि मागचा बंपर गेला. शेजारची सीट काढली. क्लचच्या, ब्रेकच्या पायपट्ट्यांना भोकं पाडली. मोटारीत काढण्यासारखं काही उरेना तेव्हा ते स्वतःकडे वळले. रात्रीचं जेवण बंद! अक्का ताट वाढून बसायची, हे म्हणायचे, "मीबी वजनच हाय की गं." महिन्याभरात त्यांच्या पायजम्याची नाडी दोन वेढे फिरायला लागली. अक्का मला म्हणाली, "तू तरी सांग रे त्यांना. गाडी पळंल, पन हाकायला मानूस उरंल का?" मी सांगायला गेलो तर त्यांनी मलाच काट्याखाली उभं केलं आणि बराच वेळ निरखून म्हणाले, "बरं झालं तुमाला गाडी चालवता येत न्हाई."

इंजिन सुरात लावायची त्यांची रीत अशी, की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय चाललंय ते त्यांना ऐकू यायचं. या विद्येचा त्यांना इतका मोह, की घरातली कुठलीही वस्तू त्यातून सुटली नाही. अक्काचं शिवणाचं मशीन ऐकलं, दळायचं जातं ऐकलं, एकदा मी दुपारचा झोपलो असताना माझ्या छातीला काहीतरी गार लागलं म्हणून डोळे उघडले, तर दाजी! "झोपा, झोपा," ते म्हणाले, "येक व्हॉल्व जरा उशिरा मिटतोय. पन चालंल." मी पंधरा दिवस जिने हळू चढत होतो.

आणि रंग! त्या रंगानं तर आमचा जीव खाल्ला. त्यांना निळा हवा होता, पण बाजारात मिळणारा कुठलाच निळा पसंत पडेना. मग स्वतःच डबे कालवायला बसले. कालवलेला रंग कसा दिसतो हे बघायला कशावर तरी लावायला हवा, म्हणून आधी न्हाणीघराचं दार निळं झालं, मग रहाटाची कप्पी, मग माझी ट्रंक, मग कोंबड्यांचं खुराडं. अक्का तुळशीपाशी झाडू घेऊन उभी राहिली, म्हणून तुळस वाचली. शेवटी एकविसाव्या डब्याला त्यांचं समाधान झालं. मारायला शेतातल्या औषध फवारणीचा पंप धुऊन घेतला. पंपाचा दांडा हलवायला कोण? इंग्रजीचे मास्तर.

पाऊस नसल्यानं धूळ अशी, की श्वास घेतला तरी दातात खडखड लागावी. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून अक्कानं आपली लुगडी ओली करून चारी बाजूंनी टांगली. रंगाचे सहा हात उत्तम बसले. सातवा, शेवटचा हात मारायच्या दिवशी तिला वाटलं, धूळ पुरती दबावी. तिनं पहाटे उठून अंगणभर शेणाचा सडा घातला. चांगला दाट. धूळ बसली हो, पण ऊन चढल्यावर सगळ्या आळीतल्या माशा त्या लुगड्यांच्या आत आल्या, आणि शेणाचा कंटाळा आला की मोटारीवर बसायला लागल्या. बसली ती उठली नाही. दुपारी लुगडी बाजूला केली तर ती मोटार नव्हती, तीळ लावलेली भाकरी होती. अक्का पदर तोंडाला लावून रडायला लागली. दाजींनी एकदा मोटारीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "रडतीस काय? रंग गोड झालाय म्हनून बसल्या," म्हणाले आणि तिचाच काटे काढायचा चिमटा घेऊन माशा वेचायला बसले. चार दिवस वेचत होते. मग घासून पुन्हा सातवा हात मारला, आणि खरं सांगतो, असा निळा रंग मी परत कुठं पाहिला नाही.

निघायचा दिवस उजाडला. शेजारचे ट्रकवाले ड्रायव्हरअण्णा मुंबईला कांदा घेऊन चालले होते. त्यांनी पोत्यांमागं मोटारीपुरती जागा ठेवली होती. दाराशी ट्रक उभा, त्याच्यामागं मोटार, आळीतल्या बायका हळदीकुंकू घेऊन हजर. पूजेचा मान अण्णांचा. वीस वर्षं अण्णा प्रवासाला निघताना ट्रकच्या बंपरवर नारळ फोडत आले होते. त्यांनी देवाचं नाव घेतलं, ट्रकच्या बंपरवर एक नारळ दणकन फोडला आणि त्याच झोकात वळून दुसरा मोटारीवर हाणला. पण मोटारीला बंपर होता कुठं? तो ताणकाट्यानं कधीच नेला होता. नारळ सरळ आत घुसला आणि रेडिएटरवर फुटला. नारळाचं पाणी सांडलं आणि त्याच्यापाठोपाठ रेडिएटरचं.

कुणी हलेना. अण्णांच्या हातात नुसती शेंडी राहिली होती. "मिस्त्री, माझा हात तोडा हो," ते म्हणाले. दाजी उकिडवे बसले, बोटानं चाचपून बघितलं, स्टोव्ह पेटवायला सांगितला आणि तिथंच रस्त्यावर कथलाचा झाळ द्यायला बसले. तीन नळ्या बुजल्या. चौथी आतल्या अंगाला होती, तिथं झाळकाम पोचेना. रेडिएटर उतरवून काम करायचं म्हणजे दिवस जाणार, आणि दिवस नव्हता. तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा दाजींनी हातातलं काम खाली ठेवलं. तीन वर्षं ज्याला मी वेडेपणा म्हणत आलो, तो वेडेपणा पाण्याच्या एका धारेनं संपणार असं दिसल्यावर मीच वाकून त्या धारेखाली ओंजळ धरली.

अण्णा पुटपुटले, "घाटात आमी हळद टाकतो. छोटं भोक आसंल तर बसतं." एवढं ऐकायचा अवकाश, अक्का घरात गेली आणि वर्षाच्या बेगमीची हळदीची बरणी घेऊन आली. चमच्यानं नाही, बरणीच उपडी केली! इंजिन चालू केलं, पाणी फिरलं, धारेचे थेंब झाले, थेंब थांबले. "चला," दाजी म्हणाले, आणि मोटारीसकट आम्ही तिघंही ट्रकवर चढलो.

धावपट्टीवर गाड्या तपासणारे एक गोरेपान, टोपीवाले साहेब होते. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि ते पिवळं बोट माझ्यापुढं धरून इंग्रजीत विचारलं, हे काय? मी मास्तर माणूस, खोटं बोलत नाही. मी म्हणालो, आमच्या भागात गळती थांबवायला हे वापरतात. साहेबांनी वास घेतला, बोट जिभेला लावलं, आणि बराच वेळ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, पळू द्या, पण वाफ दिसली की काळं निशाण दाखवीन आणि त्यानंतर गाडी बाहेर. मी दाजींना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. डोळे इंजिनाकडेच.

दहा-बारा गाड्या सुटल्या. पहिल्या फेरीत दाजींनी दोघांना मागं टाकलं. मी बाकावर चढून ओरडत होतो, माझी शिस्त, माझं इंग्रजी, सगळं गेलं. दुसऱ्या फेरीत आणखी एक! तिसऱ्या फेरीत समोरून जाताना निळ्या नाकाडावर एक पिवळसर पुंजका दिसला. साहेबांनी पण पाहिला. त्यांचा हात काळ्या निशाणाकडे गेला. आणि त्याच क्षणी दाजींची मोटार एकदम मंदावली. मागच्या गाड्या भराभर पुढं निघून गेल्या, मागं टाकलेले तिघंही गेले. मी बोंबललो, "दाजी, पळवा! पळवा की!" अक्कानं माझा सदरा धरून मला खाली ओढलं. "गप बस. इंजिन सांबाळत्यात ते."

खरंच होतं. वाफ विरली. ज्या माणसानं पायजमा सैल होईस्तोवर स्वतःला हलकं केलं होतं, तो सगळ्यांच्या मागून, सायकलच्या वेगानं, चौथी फेरी काढत होता. लोक हसत होते. बाकीच्यांची शर्यत संपली, बक्षीसवाला गाडीतून उतरलासुद्धा, आणि आमची निळी मोटार एकटीच पाचव्या फेरीला निघाली. पलीकडचं टोक गाठून ती वळली. समोर सरळ धावपट्टी होती, शेवटची अर्धी फेरी. तिथं दाजींनी पाय दाबला.

काय तो आवाज! पारनेरच्या मिस्त्रीनं कान लावून लावून जुळवलेलं इंजिन पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं ओरडत होतं. पिवळ्या वाफेचा लोट निघाला, साहेबांनी तो पाहिला, आणि हातातलं काळं निशाण तसंच गुंडाळलेलं ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं शेवटचं निशाण फडकवलं. पाच फेरे झाले.

आम्ही धावत गेलो. दाजी सीटवर ताठ बसलेले, चेहरा पिवळाधमक, डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, "दाजी, उतरा." ते अक्काकडे बघून म्हणाले, "हात सुटंनात गं." तिनं वाकून त्यांचं एकेक बोट सुकाणूवरून सोडवलं. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायची आमच्याकडे रीत नव्हती, पण तिनं तो ट्रकपर्यंत सोडला नाही.

त्याच दिवशी पुण्याच्या एका हौशी माणसानं मोटार मागितली आणि दाजींनी देऊन टाकली. "पळाली न्हवं? झालं तर मग." परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी कडाक्यानं भांडलो. तीन वर्षं राबवून घेतलं, आता एकदा तरी शेजारी बसवून नगरच्या बाजारातून न्यायचं होतं, असं मी म्हणालो. ते नुसते हसले आणि झोपी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते राळेगणकडच्या कुठल्याशा विहिरीवर इंजिनाला कान लावून बसले होते. दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते भांडण मी मिटवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते मिटवायचंही नाही. तेवढ्या निमित्तानं मी अजून त्यांच्याशी बोलतो.