‘कॅमेरा काढ’

रामटेककडच्या त्या धावपट्टीवर जे घडलं ते मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही. पोलीस खात्यात मी उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि पस्तिशीच्या आत राजीनामा देऊन बाहेर पडलो. आता साहसी खेळांच्या नावाखाली जी बेफिकिरी चालते, तिच्याविरुद्ध पत्रकं छापतो आणि रस्त्यावर उभा राहून वाटतो. अधिकाऱ्यांच्या आठवणींत सहसा चूक आरोपीची असते. या आठवणीत एक चूक माझी आहे, म्हणून ती लिहायला हवी. नावं कुणाचीच देत नाही.

एका खाजगी कंपनीने जुनी धावपट्टी भाड्याने घेतली होती आणि हिवाळाभर तिथून विमानातून उड्या मारायचं शिबिर चालायचं. हौशी गिऱ्हाईकाला प्रशिक्षकाच्या छातीशी बांधायचं, दोघांनी एकाच छत्रीवर उतरायचं, आणि शेजारी एक कॅमेरावाला उडी मारून त्यांचा व्हिडिओ घेणार. गिऱ्हाईकाला उडीपेक्षा व्हिडिओच जास्त हवा असतो. हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी साडेदहाच्या सुमारास ठाणे अंमलदाराने अपघाताची वर्दी घेतली. शिबिरात उड्या शिकणारी एक तरुणी धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आदळली होती. मानेचा मणका चिरला होता. तिला थेट नागपूरला, रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात हलवलं होतं. स्टेशन डायरीला नोंद करून मी आणि आमचे जुने हवालदार जागेवर गेलो.

हेल्मेट बांधीतच पडलं होतं. माथ्यावर बोटभर उंचीचा प्लास्टिकचा पाय चिकटवलेला, त्यावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याभोवती पांढरी नायलॉनची दोरी करकचून गुंडाळलेली. छत्री उघडताना तिची एक तणावाची दोरी त्या पायाखाली अडकली आणि मुलीचं डोकं मागे ओढलं गेलं. हनुवटीचा पट्टा तिला सुटला नाही. मान वाकडी, तशीच ती खाली आली. पंचांसमक्ष हेल्मेट जप्त केलं. कॅमेऱ्याच्या मागचं झाकण उघडलं तर आत मेमरी कार्ड नव्हतं.

“आपटल्यावर पडलं असेल,” कंपनीचा मुख्य प्रशिक्षक म्हणाला. पुण्याकडचा गोरागोमटा माणूस, बोलणं अगदी नेमकं. त्या सकाळी गिऱ्हाईकाला छातीशी बांधून उडी मारणारा तोच होता; मुलगी त्यांच्या शेजारून एकटी उडाली होती.

हवालदारांनी झाकण दोनदा उघडून लावून पाहिलं. चांगलं घट्ट होतं. “साहेब, कार्ड पडलं अन् जाताजाता दार लावून गेलं. लय संस्कारी कार्ड दिसते गा.”

मी हसलो आणि पंचनामा पुढे लिहिला. तिथेच थांबायला हवं होतं.

प्रशिक्षकाचा जबाब त्याच दुपारी घेतला. “तिच्या फक्त बत्तीस उड्या झाल्या होत्या. आमच्यात दोनशेक उड्या झाल्याशिवाय डोक्यावर कॅमेरा लावत नाहीत. मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं, कॅमेरा काढ. तिने ऐकलं नाही. यापेक्षा मी काय करणार?”

दुसऱ्या दिवशी मुलगी जबाब देण्यास सक्षम असल्याचं डॉक्टरांकडून लिहून घेतलं आणि तिच्या खाटेशी बसलो. सव्वीस वर्षांची, रामटेकजवळच्या गावची, घरची शेती. लग्नांचे व्हिडिओ काढायचं काम करता करता तिला आकाशात व्हिडिओ काढायचं वेड लागलं होतं. त्यातच पुढे नोकरी करायची होती. मानेला कडक पट्टा, आवाज औषधाने जड.

मी विचारलं, “प्रशिक्षकांनी कॅमेऱ्याबद्दल काही सांगितलं होतं?”

“सरनं म्हटलं ना, कॅमेरा काढ.”

मी लिहिलं : ‘मला प्रशिक्षकांनी हेल्मेटवरील कॅमेरा उतरविण्याबाबत सांगितले होते.’

ठाण्यातला जबाब असाच लिहितात. माणूस चार शब्द बोलतो, आपण त्याचं आठ शब्दांचं सरकारी मराठी करतो. ‘आला’चं ‘हजर झाला’ होतं, ‘मारलं’चं ‘मारहाण केली’ होतं, आणि सगळ्यांना वाटतं की अर्थ तोच राहिला. मी जबाब वाचून दाखवला. तिला मान हलवता येत नव्हती. तिने डोळे मिटले. तो मी होकार धरला.

झालं. प्रशिक्षक सांगतो सांगितलं, मुलगी सांगते सांगितलं. वरिष्ठ म्हणाले, स्वतःच्या हलगर्जीपणाने जखमी, कागद पूर्ण करा आणि बंद करा. बंद म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. दोष तिचा. कंपनीवर काही नाही. विमा नाही, नोकरी नाही, आणि पुढच्या रविवारी तीच धावपट्टी, तीच दोरी, दुसरं कुणाचं तरी डोकं.

तेवढ्यात ठाण्यात एक निनावी फोन आला. नागपुरातल्या एका कॅमेरा दुकानदाराने मुलीच्या गळ्यात चुकीचा कॅमेरा मारला, त्याला उचला, असं कुणीतरी सांगत होतं. निनावी फोनबद्दल माझा एक ठोकताळा आहे. खबर देणारा घाबरलेला असेल तर खबरीत दम असतो. हा माणूस घाबरलेला नव्हता, घाईत होता. नंतर कळलं की तो कंपनीच्याच गाडीचा ड्रायव्हर होता. मुलीवर शेकलं नाही तर दुकानदारावर शेकावं, अशी ही दुहेरी तजवीज.

तरी दुकानदाराला बोलावलं. साठीचा, फौजेत छत्रीधारी सैनिक होता, निवृत्तीनंतर दुकान टाकलेलं. समोरच्या खुर्चीत ताठ बसला. मी आवाज चढवला.

“नवख्या मुलीला कॅमेरा विकलाच कसा?”

“विकला, साहेब. लावून नाही दिला.”

“त्यात फरक काय?”

“तुमची मोटरसायकलची टोपी द्या अन् मुद्देमाल बांधाची सुतळी द्या. दाखवतो.”

हवालदारांनी स्वतःचं हेल्मेट टेबलावर ठेवलं. दुकानदाराने त्यावरून सुतळी सरकवली. ती गुळगुळीत निघून गेली. मग त्याने माथ्यावर काडेपेटी उभी धरली आणि पुन्हा सुतळी ओढली. अडकली. हेल्मेट टेबलावरून खाली आलं.

“अबे, माह्यं हेल्मेट!” हवालदार ओरडले.

“तुमचं डोकं नव्हतं ना आत, भाऊ? मंग झालं.” तो माझ्याकडे वळला. “गिऱ्हाईक येते, साहेब, अन् पहिलेच विचारते, पिक्चर फोर-के येते का, सेल्फी-काडी फुकट भेटते का. कुणीच विचारत नाही का हा कॅमेरा दोरीत अटकन का. मी उलटा विचारतो. चपटा आहे का? कानाच्या बाजूले टोपीले चिटकून बसते का, का खाली फट राहते? फट राहिली का दोरी घुसलीच समजा. चालू झाला का नाही ते आवाजावरून समजते का? नाही तर माणूस हवेत डोक्यावर हात फिरवत बसते. अन् सगळ्यात मोठं, वेळ आली तर एका झटक्यात टोपीसकट सुटते का?”

“सुटला तर कॅमेरा गेला की.”

“जाऊ द्या ना! जो कॅमेरा गमवाची तयारी नाही, तो डोक्यावर बांधूच नका. डोकं दुसरं भेटत नाही माह्या दुकानात.”

“मग तिच्या हेल्मेटवर उंच पाय आणि दोरी कशी?”

“तो पाय माह्याकडचा नाही. तो गाडीवाल्यायचा असते, रस्त्यावर रील काढाचा. पोरीले मी चपटा दिला. सहा महिने चकरा मारून राहिली होती, सारं समजून घेतलं तिनं. विकतानी म्हटलं, पोरी, घेऊन ठेव, पण दोनशे उड्या होतपर्यंत बॅगेतून काढाचा नाही.”

मी त्याला शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

“बॅगेतून काढाचा नाही म्हटलं. काहून? काही चुकलं का?”

चुकलं होतं, पण त्याचं नाही. मी जीप काढायला सांगितली. हवालदारांनी विचारलं, कुठे? म्हटलं, रामदासपेठ.

मुलगी या वेळी जागी होती. मी वही उघडली नाही. नुसतं विचारलं, “सर म्हणाले, कॅमेरा काढ. मग तुम्ही काय केलं?”

“काढला ना जी.”

“काढला? मग डोक्यावर कसा राहिला?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेतली बाई ढ पोराकडे पाहते. “बॅगेतून काढला. त्यायचा कॅमेरावाला आला नव्हता त्या दिवशी. गिऱ्हाईक तर व्हिडिओवालं होतं. सर म्हणे, तुह्याजवळ आहे ना, काढ वं तुहा कॅमेरा, आज तूच घे. मी म्हटलं, माह्या बत्तीसच झाल्या. तर म्हणे, मग नोकरी मागायले कोणत्या तोंडानं येशील?”

“आणि तो उंच पाय?”

“माह्या कॅमेऱ्याची बाजूची पट्टी घरी होती. सरनं त्यायच्याजवळचा पाय चिटकवला. दोरी पण त्यायनंच बांधाले लावली.” तिची नजर माझ्या मिटलेल्या वहीवर गेली. “साहेब, तुमी काय लिहिलं होतं मंग?”

मी सांगितलं.

“बापा,” ती म्हणाली. “म्हणजे मीच माह्यी मान मोडली, असं लिहिलं तुमी.”

मी वही उघडली आणि पुरवणी जबाब घेतला. तिचे शब्द, तिच्या बोलीत, ‘काढ वं’सकट.

आता प्रशिक्षकाची पाळी. त्याला मी ठाण्यात बोलावलं आणि तासभर बाकावर बसवून ठेवलं. नेमकं बोलणाऱ्या माणसाला वाट पाहायला लावली की तो गरजेपेक्षा जास्त बोलतो, हा अनुभव आहे. हवालदारांनी त्याला चहा पाजला आणि सहज विचारलं, “त्या दिवशीच्या गिऱ्हाईकाले पैसे वापस केले का जी? व्हिडिओ तर बुडाला असन त्याचा.”

“नाही, नाही. आमची सेवा पूर्ण असते. व्हिडिओ त्याच संध्याकाळी गेला.”

हवालदारांनी माझ्या केबिनच्या दाराकडे पाहिलं. मी बाहेर आलो.

“कोणत्या कार्डावरून गेला?” मी विचारलं.

आम्ही गिऱ्हाईकाला फोन लावला. त्याने आनंदाने व्हिडिओ पाठवला. हसरे चेहरे, निळं आकाश, वर गाणं. छत्री उघडायच्या आधी अचूक कापलेला. मुलगी रुग्णवाहिकेत असताना हा प्रशिक्षक कार्ड काढून गाणं निवडत बसला होता. अशा वेळी आवाज चढवायची इच्छा होते. मी चढवला नाही. पंच बोलावले, आणि त्याने लॅपटॉपच्या पिशवीतून कार्ड स्वतःच्या हाताने काढून टेबलावर ठेवलं. सील केलं, तपासणीला पाठवलं.

मूळ चित्रणात गाणं नव्हतं. विमानाकडे चालतानाचा वारा होता, पंख्याची घरघर होती, आणि त्याचा आवाज स्वच्छ : “दोरी अजून घट्ट बांध. कॅमेरा पडला तर व्हिडिओ गेला.”

कॅमेरा उतरवायला सांगणारा माणूस तो घट्ट बांधायला सांगत नाही. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं.

पण माझा पहिला जबाब कागदात होताच. वरिष्ठ म्हणाले, कार्ड आहे ना, पहिल्या जबाबाची कशाला चर्चा करता? मी म्हटलं, बचावपक्षाचा वकील करेलच. आणि त्याने केलीच. खटला उभा राहिला तेव्हा मी राजीनामा दिलेला होता. साध्या कपड्यांत साक्षीला गेलो. वकिलाने ती ओळ मोठ्याने वाचली : ‘कॅमेरा उतरविण्याबाबत सांगितले होते.’ मग म्हणाला, “हे फिर्यादी पक्षाच्याच मुलीचं म्हणणं आहे. पुढे तिने ते बदललं. खोटं कधी बोलली, आधी की नंतर?”

मुलगी मागच्या बाकावर होती. मानेचा पट्टा निघाला होता, पण डावीकडे पाहायचं तर ती सगळं अंगच वळवायची. तिची उलटतपासणी आदल्या तारखेला झाली होती आणि याच ओळीवर तिला तासभर खोटारडी ठरवलं गेलं होतं.

मी म्हणालो, “ती दोन्ही वेळा खरं बोलली. तो शब्द तिचा नाही. माझा आहे. ती ‘काढ’ म्हणाली. ‘उतरविणे’ मी लिहिलं, कारण तिच्या आधी मी आरोपीचं ऐकलं होतं आणि त्याच्याच कानाने तिचंही ऐकलं.”

न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला शब्दशः घ्यायला सांगितलं.

प्रशिक्षक दोषी ठरला. शिक्षा, मुलीची मान पाहता, किरकोळ. कंपनीने पाटी बदलली आणि दुसऱ्या नावाने दुसऱ्या जिल्ह्यात शिबिरं सुरू केली. जाहिरातीत अजूनही व्हिडिओ मोफत आहे. माणसाच्या डोक्यावर काय बांधलंय ते तपासायची जबाबदारी कुणाची, हे विचारायला मी तीन कार्यालयांत गेलो आणि तिन्हींनी मला एकमेकांकडे पाठवलं. त्याच आठवड्यात मी पहिलं पत्रक छापलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. आरोपी खोटं बोलतो तेव्हा तो बहुतेक खरेच शब्द वापरतो. खोटेपणा त्या शब्दांच्या अर्थात लपवतो, आणि तो अर्थ शुद्ध अक्षरात लिहून द्यायला त्याला आपल्यासारखा एक शहाणा अधिकारी लागतो. ठाण्यात नव्याने रुजू होणाऱ्यांना माझं सांगणं आहे : समोरचा जे बोलतो ते आधी तसंच लिहा. कळलं नाही तर विचारा. ढ ठरलात तरी चालेल.

माझी साक्ष झाली त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली, सगळं अंग वळवून. मी माफी मागायला तोंड उघडलं.

“राहू द्या ना जी,” ती म्हणाली. “पहिले हे सांगा, आज माह्या नावापुढं त्या टायपिंगवाल्यानं काय लिहिलं?”

“जे तुम्ही बोलला होतात ते. ‘काढ’.”

“वाचून पाहिलं का तुमी?”

मी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं परत आत गेलो.