दिव्यापाशी ठेवलेली काच

शनिवारी दुपारी माझी मुलगी वारली. चार दिवस ताप होता.

ती पुण्यात संशोधन करायची. हैदराबादला निघाली होती, वाटेत दोन दिवस राजूरला आमच्याकडे उतरली. पिशवीत एक डबा होता. डब्यात बोटाएवढी काचेची पट्टी, पट्टीवर रेशमाचा पातळ पापुद्रा. रेशीम आमच्याच शेडमधलं. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचो; तुती आणि अळ्या बायको सांभाळते. तिने निवडून दिलेले कोष मुलगी पुण्याला न्यायची, उकळायची, धागा क्षाराच्या पाण्यात विरघळवायची, त्यात एका रंगाचे अगदी मोजके रेणू सोडायची आणि काचेवर ओतून वाळवायची.

आली त्या संध्याकाळी बायको ज्वारी निवडत बसली होती.

"अळीच्या घरातून उजेड काढून राह्यली म्हणं तू," ती म्हणाली. "लाइट गेल्यावर कामाला येईल का?"

"न्हाई ग आई. तुझा बल्ब पोतं ओतल्यागत उजेड ओततो." मुलीने सुपातला एक दाणा उचलला. "मला उजेडाचा असा दाणा पाहिजे. एका वेळी एकच."

"एकेक दाणा सोडायला लागलीस तर भाकर कधी होणार?"

"भाकरीसाठी न्हाईच तो. चोरून कुणी वाचू नये असा निरोप धाडायला. मधे कुणी दाणा उचलला की लगेच कळतं."

बायको हसली. पुष्कळ पापुद्रे वाया गेल्यावर या एकातून तसा उजेड येताना पुण्यात दिसला होता. हैदराबादला तो पुन्हा मोजून खात्री करायची होती. ती झाली की तिचा शोधनिबंध पुरा होणार होता.

मी डब्याकडे हात नेला तशी ती म्हणाली, "अण्णा, बोट लावू नका. बोटाचं तेलसुद्धा चमकतं. मंग माझा दाणा त्यात सापडायचा न्हाई."

त्या रात्रीच तिला ताप भरला.

आमच्याकडे माणसाला शेवटचं जिथे ठेवलं, तिथे दहा दिवस दिवा तेवत ठेवतात. बायकोने डबा माझ्यापुढे ठेवला. "तिचा जीव ह्याच्यात होता. दिव्यापाशी राहू द्या. अन् झाकण नको, तिला दिसू द्या."

मुलीचं सांगणं मला आठवत होतं. मी हात धुतले, धुतलेल्या धोतराच्या फडक्याने पट्टी कडेला धरली आणि दिव्याशेजारी पाटावर ठेवली. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणालाही पट्टीला हात लावू दिला नाही. दहा दिवस दिव्यात मीच तेल घालत होतो. वात मोठी झाली की काजळी धरायची. ती मी चिमट्याने झाडायचो.

तेराव्यानंतर मुलीच्या मार्गदर्शक बाई पुण्याहून आल्या. ती राहिलेली मोजणी त्या स्वतः करणार होत्या, निबंधावर पहिलं नाव तिचंच राहणार होतं. मी पट्टी डब्यात घालून त्यांच्या हाती दिली. कुणी शिवलेलं नाही, असंही सांगितलं.

महिन्याने त्यांचा फोन आला.

"सर, ही पट्टी कुठे ठेवली होती?"

मी सांगितलं.

"तेलाच्या धुरात जे असतं ना, तेही चमकतं," त्या म्हणाल्या. "आता सगळ्या पापुद्र्यातूनच उजेड येतोय. तिचे रेणू असतील तिथेच, पण वेगळे ओळखता येत नाहीत."

"पुसून?"

"पुसायला गेलं तर रेशीम निघून येईल."

"दुसरी पट्टी?"

"करून पाहिल्या. कृती तिच्या वहीत सगळी आहे. पण अजून तशी जमली नाही. आणि जमली, तरी ती आमची पट्टी होईल, सर. तिची नाही."

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की वाक्य नुसतं पाठ करू नका, ते का म्हटलंय ते पाहा. बोट लावू नका, एवढंच मी पाळलं.

बाईंनी पट्टी परत पाठवली. बायकोने विचारलं, "झालं का तिचं काम?" मी म्हणालो, "चालू आहे." ती शेडमध्ये पाला टाकायला गेली. दर पिकातले चांगले कोष ती अजून बाजूला काढून ठेवते.

निबंध अपुरा आहे. डबा माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे, झाकण लावून. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.