पगारी तक्रार

त्याला सगळे खुसपट म्हणत, आणि त्यात त्याला काही गैर वाटत नसे. जे चुकलंय त्याला चुकलंय म्हणायला कोणीतरी हवंच ना! फक्त हे मत नोकरी देणाऱ्यांना पटत नव्हतं. एका गोदामात मुलाखत चालू असताना त्याने साहेबांना सांगितलं, की तुमची खोकी उलटी रचलीयत. एका छापखान्यात जाहिरातीतल्या चुका दाखवल्या. ती जाहिरात खुद्द मालकाने लिहिली होती. अशी दोन वर्षं जोडे झिजवून झाली, तरी गडी खचला नव्हता. चुका त्यांच्या, मग आपण कशाला खचायचं?

खचली होती ती त्याची ताई. तो तिच्याच घरी राहत होता. तिच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची, लाँड्री होती. दाजींनी शेवटी फर्मान काढलं, "या महिन्यात जमलं तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे लाँड्रीत उभं राहायचं." कामाचं त्याला वावडं नव्हतं. पण दिवसभर दाजींच्या हाताखाली राबायचं आणि रात्री त्यांच्याच शेजारी जेवायला बसायचं, म्हणजे टोमण्यांना सुट्टीच नाही.

महिना संपत आला तेव्हा घरगुती यंत्रांच्या एका मोठ्या दुकानात हिशेबनिसाची जागा निघाली. मॅनेजरबाईंनी त्याला बराच वेळ ताटकळत ठेवलं. तेवढ्यात त्याने शिपायाला सुनावून घेतलं, की खुर्ची डुगडुगते, पंखा कुरकुरतो आणि किमतीच्या चिठ्ठ्या वाचायला शिडी लागेल. बाई दारातून ऐकत होत्या.

"हिशेबनीस कालच घेतला," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आणखी थोडं बोला बघू."

तो आणखी बरंच बोलला. मग बाईंनी खरी गोष्ट सांगितली. "आमची शहरभर दुकानं आहेत. काउंटरवर नवीन मुलं घेतलीत. गोड गिऱ्हाइकाशी कोणीही गोड बोलतं हो, मला कटकट करणारं गिऱ्हाईक हवंय. रोज वेगळ्या दुकानात जायचं, वस्तू परत करायची आणि त्यांचा अंत पाहायचा. मुलांना कळता कामा नये. सोमवारी करून दाखवा. जमलं तर नोकरी पक्की. काही तक्रार?"

"पगार कमी आहे."

"वा!" बाई खूश झाल्या.

घरी त्याने फक्त 'दुकानात काम मिळतंय' एवढंच सांगितलं. ताईचे डोळे भरून आले. दाजी म्हणाले, "याला दुकानात? गिऱ्हाइकं पळवायला?"

सोमवारी तो बाईंनी दिलेली किटली घेऊन त्यांच्याच दुकानात काउंटरसमोर उभा राहिला. झाकण आवाज करतं, म्हणाला. तिथल्या मुलीने हसून किटली बदलून दिली. "ही आवाजच करत नाही," तो म्हणाला, "झाकण उघडलं हे कळणार कसं?" मुलगी तरीही हसली. पण तिच्या शेजारचा टायवाला विक्रेता तडकला.

"काका, तुम्हाला दुसरं काही काम नाही का?"

खरं तर हेच हवं होतं. पण ते वाक्य त्याला थेट आत जाऊन लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची बोलती बंद झाली.

"ए, तोंड सांभाळून बोल!" मागून आवाज आला. दाजी! नोकरी खरी का खोटी ते बघायला त्याच्या मागोमाग आले होते. त्यांनी काउंटरवर हात आपटला. "माझा मेहुणा आहे तो. काम नाही म्हणतोस? दोन वर्षं दारोदार फिरलाय. मी पहाटे उठून याच्या शर्टाला इस्त्री करतो, आणि हा संध्याकाळी चुरगळून परत येतो. तरी दुसऱ्या दिवशी निघतोच! किटली आवडली नाही म्हणतोय ना, मग नीट ऐकून घे!"

टायवाला पांढराफटक पडला. मॅनेजरबाई धावत आल्या आणि दोघांना आत घेऊन गेल्या. सगळा प्रकार कळल्यावर दाजी आधी ओशाळले, मग पोट धरून हसले.

"खरं सांगू?" बाई दाजींना म्हणाल्या. "यांच्यापेक्षा तुमचाच आवाज दमदार आहे. हे तर ऐन वेळी गप्प बसले. तुम्हीच येता का?"

खुसपटाचा चेहरा उतरला. नोकरी गेली, लाँड्री आली.

"छे," दाजी म्हणाले. "मला राग आला तर वर्षातून एकदा. याचं रोजचं आहे. आमच्याकडे फुकट करतो, तुम्ही पगार देऊन करून घ्या. आम्हाला रात्री दोन घास शांतपणे खाता येतील."

बाई हसल्या. "उद्यापासून या," त्या खुसपटाला म्हणाल्या.

बाहेर आल्यावर तो रस्त्यातच थांबला. "दाजी, शर्टाला इस्त्री तुम्ही करत होता? मला वाटायचं, ताई करते. कॉलरवरून मी तिला किती बोलायचो..."

"सगळं पोचत होतं मला," दाजी म्हणाले. "आता थेट मलाच बोलत जा. आणि उद्या जो घालणार आहेस तो शर्ट घरी गेल्या गेल्या काढून दे."