पाण्यावरचा तवंग

मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या बोटीत एक वयस्क बाई कठड्यावरून इतक्या खाली वाकल्या होत्या, की मी घाबरून त्यांचा दंडच धरला.

"अहो, पडाल ना!"

"तेलाचा तवंग बघतेय," त्या हसल्या. "लॅबमध्ये मी पाण्यावर असाच स्निग्ध थर पसरते आणि खालच्या पाण्यात अमिनो आम्लं सोडते. काही थरात शिरतात, काही त्याला शिवतही नाहीत."

"असं का?"

"अर्धंच कळलंय. आणि उद्या रिटायर होतेय."

बोलताना त्यांचं बोट ओल्या कठड्यावर गोल गोल फिरत होतं. मनोरी आली, तसे आम्ही सगळे उतरलो. त्या तिथेच.

"मावशी, उतरायचं नाय का?" बोटवाल्याने विचारलं.

"एक फेरी अजून होऊ दे रे," म्हणत त्या पुन्हा पाण्याकडे वळल्या.