झोपलेल्या वेल्डरसमोरचा डोंगर

परदेशी मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि तिथे मी जे केलं ते पुढची कित्येक वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता कोणाला सांगितलं तर माणसं हसतात. त्यांच्याबरोबर मीही हसतो. पण हसून झाल्यावर वाटतं की त्या पहाटे मी हात थोडा आणखी पुढे केला असता तर काय बिघडलं असतं?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तिघं कासारवाडीला रेल्वेलाइनच्या पलीकडे एका खोलीत राहायचो आणि आकुर्डीच्या एका कारखान्यात कामाला होतो. एक लातूरकडचा, तो वेल्डर. एक कोकणातला, तो स्टोअर्समध्ये. मी साताऱ्याकडचा, तपासणी खात्यात. म्हणजे बनलेला माल डोळ्यांनी बघायचा, मापायचा आणि जे दिसलं ते खरं खरं लिहायचं, ह्याचा मला पगार मिळायचा. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

खोलीत खाटा दोनच होत्या. तिघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे कोणीतरी एक नेहमी कंपनीत असे आणि त्याची खाट दुसऱ्याला मिळे. अशा खोल्या तेव्हा आमच्या भागात शेकड्यांनी होत्या आणि त्या सगळ्यांत एक नियम पाळला जाई: नाइट करून झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. तार येवो, पाहुणा येवो, स्टोव्ह भडकला तर तो विझवायचा, पण बोलायचं हळू. वेल्डरचे होणारे सासरे मुलगा बघायला आले तेव्हा तो नाइट करून झोपला होता. आम्ही त्यांना बाहेर पायरीवर बसवलं. छत्री मांडीवर घेऊन ते तीन तास बसले. शेवटी तो उठला तेव्हा ते म्हणाले, इतका गाढ झोपणारा माणूस व्यसनी नसतो. लग्न ठरलं.

ह्या वेल्डरला एक डोंगर बघायचा होता. वेल्डिंग रॉडच्या कंपनीने कधीतरी एक कॅलेंडर दिलं होतं, त्यावर नेपाळातल्या पोखरा गावचा डोंगर होता. टोक माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं, खाली तळं, तळ्यात तोच डोंगर उलटा, सगळं गुलाबी. वर्ष संपलं, तारखा फाडून झाल्या, तरी ते चित्र त्याच्या खाटेच्या डोक्याशी राहिलं. नाइटला जाताना तो देवाकडे बघावं तसं त्याकडे बघायचा. कोकण्या म्हणायचा, "अरे मेल्या, माशाचं शेपूटच बघायचं तर देशाबाहेर कशाला? आमच्या घरी चल, सकाळ-संध्याकाळ बघ."

मग एका मे महिन्यात कंपनीचा शटडाउन आला, वेल्डरचं लग्न दिवाळीनंतरवर गेलं, आणि त्याने जाहीर केलं की आता नाही तर कधीच नाही. आम्हाला दोघांना विचारलं नाही, मोजून घेतलं.

आमच्या घरमालकीणबाई मूळच्या कासारवाडीच्या. त्यांनी आमच्या हातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "परदेशात चाललाय, पानी उकळून प्या. आन् डोंगरच बघायचा तर आपला घोराडेश्वर काय मेलाय व्हय?" वेल्डर त्यांच्या पाया पडला आणि पिशवी उचलून निघाला.

गाड्या बदलत आम्ही गोरखपूर गाठलं. त्या दिवसांत वेल्डरने आमचा जीव खाल्ला. तो महिनाभर सलग नाइट करून आला होता, बदली माणूस नव्हता म्हणून. त्यामुळे दिवसा तो आमच्या खांद्यावर झोपायचा आणि रात्री आम्हाला डोंगर समजावून सांगायचा. उंची किती, ऊन आधी कुठल्या बाजूला लागतं, उलटा कुठून दिसतो. आम्ही जणू त्याच्या डोंगराला बघायला चाललेले वऱ्हाडी. तिसऱ्या रात्री मी त्याला म्हणालो की आता गप्प बस, नाहीतर मी डोळे मिटून परत येईन. तो हसला. मला मात्र खरंच राग आला होता.

सरहद्द म्हणजे एक कमान आणि खाली धूळ. पासपोर्ट लागत नाही हे कोकण्याला ठाऊक होतं, तरी त्याला शिक्का हवा होता. घरी दाखवायला. त्याने कंपनीचं ओळखपत्र पुढे केलं. नेपाळी शिपायाने ते उलटसुलट करून पाहिलं, फोटोकडे पाहिलं, ह्याच्याकडे पाहिलं आणि एक कडक सलाम ठोकला. शिक्का नाही तो नाहीच. पुढे कळलं की तिथली घड्याळं तेव्हा आपल्यापेक्षा दहा मिनिटं पुढे असत. वेल्डर म्हणाला, देशात पाऊल टाकलं नाही तोच लेटमार्क.

पोखऱ्यात तळ्यापासून जरा आत एका बाईंच्या घरात खोली मिळाली. तिथे तीन खाटा होत्या. आम्ही दारातच थबकलो. एकाच वेळी तिघं तीन खाटांवर झोपलो आहोत, असं आमच्या ओळखीत कधी घडलं नव्हतं. पहिल्या रात्री मला कोणाची तरी जागा अडवल्यासारखं वाटून झोपच येईना.

डोंगराच्या जागी ढग होता. दिवसभर ढग, संध्याकाळी ढग. रस्त्यावर लांब केसांचे गोरे लोक अनवाणी फिरत होते, त्यांना डोंगराची काही घाई दिसत नव्हती. कोकण्या होडीतून तळं फिरून आला आणि त्याने होडीवाल्याला वल्हं कसं धरावं हे शिकवलं. घरवाल्या बाई हिंदीतून म्हणाल्या की ह्या दिवसांत दिसला तर पहाटेच दिसतो, तोही थोडा वेळ. मी वेल्डरला म्हटलं, मी सातच्या पाळीचा माणूस, पाचला आपोआप जाग येते, तुला उठवीन.

तो म्हणाला, "मी रात्रभर जागाच असतो की राव. मला कोण उठवणार?"

खरंच होतं ते. त्याचं शरीर अजून नाइटवरच होतं. दोन पहाटा तो घोंगडी पांघरून दाराच्या पायरीवर बसला होता, मी पाचला बाहेर यायचो तेव्हा टक्क जागा. समोर पांढरं काहीतरी, डोंगर नव्हे. सात वाजले, नाइट सुटली, की तो आत येऊन आडवा व्हायचा.

तिसरी पहाट शेवटची. सातची बस होती. मी उठून बाहेर आलो तर वेल्डर पायरीवरच होता, चौकटीला पाठ टेकून, तोंड बरोबर उत्तरेला, डोंगराकडे, आणि झोपलेला. तोंड किंचित उघडं. मी त्याच्या पायांवरून पाय टाकून पुढे गेलो, वर पाहिलं, आणि डोंगर होता.

चित्रातल्यापेक्षा कितीतरी उंच. मी जिथे आकाश समजून बघत होतो तिथे त्याचं पोट होतं.

मी वळलो. वेल्डरच्या खांद्याकडे हात नेला. तो झोपेत हलकेच घोरत होता, आणि माझा हात थांबला. इतक्या वर्षांची सवय ती. नाइट करून झोपलेला माणूस आहे, उठवायचं नाही. एवढंच असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण मला हेही ठाऊक होतं की त्याला उठवलं की तो ओरडणार, बघा म्हणणार, ऊन कुठे लागतं ते सांगणार, आणि डोंगर पुन्हा त्याचा होणार. मला तो थोडा वेळ माझा हवा होता. मनाशी म्हटलं, पाच मिनिटांनी उठवतो.

पाच मिनिटं झाली. मग म्हटलं, आणखी पाच.

मग दुधावर साय धरावी तसा ढग खालून वर आला आणि एका कडेने टोक पुसून गेला. मी अजून तिथेच उभा होतो तेव्हा कोकण्या दात घासत बाहेर आला आणि त्याच्या चाहुलीने वेल्डरचे डोळे उघडले.

"दिसला का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

कंपनीत परत आल्यावर पहिल्याच दिवशी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी त्याला विचारलं, काय भावा, दिसला का तुझा डोंगर? वेल्डरने क्षणभर कपात पाहिलं. मग म्हणाला, पाहिला की. गुलाबी, तळ्यात उलटा. आणि माझ्याकडे बोट केलं, याला विचारा. मी मान हलवली. कोकण्या टोस्ट बुडवत राहिला. पुढे हे नेहमीचंच झालं. नवा माणूस आला की डोंगर निघायचा, आणि शेवटी साक्षीला मी. माझ्या साक्षीत खोटं असं काही नव्हतं, मी डोंगर पाहिलाच होता. म्हणूनच ती जास्त टोचायची.

लग्नानंतर वेल्डरने चिखलीला दोन खोल्या बांधल्या. मी आकुर्डीला राहू लागलो. खरं सांगून टाकायचं ठरवून मी तीनदा सायकल मारत चिखलीला गेलो. तिन्ही वेळा तो नाइट करून झोपला होता. वहिनी विचारायच्या, उठवू का? मी म्हणायचो, नको नको, आणि पाणी पिऊन परत. चौथ्यांदा तो जागा सापडला. अंगणात शेंगा फोडत बसला होता. आत भिंतीवर तेच कॅलेंडरचं चित्र, आता काचेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाच मिनिटं म्हटलं आणि दहा केली, हेही सांगितलं.

तो शेंगा फोडत राहिला. मग म्हणाला, "मी घोरत होतो?"

"थोडा."

"मग बरोबर केलंस. नियम म्हणजे नियम." आणखी दोन शेंगा. "कसा होता?"

मी म्हणालो, खूप उंच होता.

"ते मला म्हाईत हाय. रंग सांग."

मला चटकन जमेना. आधी राखाडी होता, मग एका कडेला उजळत गेला. गुलाबी नव्हता. शेवटी म्हणालो, "वेल्ड गार होताना शिवणीच्या कडेला गवती रंग येतो ना, वाळल्या गवताचा, पिवळसर, तो."

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. आजवर कोणी त्याला काही सांगितलं आणि त्याला ते इतकं कळलं, असं मी पाहिलं नाही. "आणि तळ्यात उलटा?"

"तळं तिथून दिसतच नव्हतं रे."

"म्हंजे इतकी वर्षं मी चुकीचं सांगतोय," तो म्हणाला. "आणि तू मान हलवतोस. तपासणी खात्यातला माणूस."

त्याने मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या आणि आत बघून वहिनींना चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर पेंट शॉपचे दोन नवे लोक होते. वेल्डरने डोंगर काढला. ह्या वेळी तो गुलाबी नव्हता. एका कडेला, वेल्ड गार होतो ना, तसा गवती. तळं-बिळं तिथून काही दिसत नाही, लोक उगाच सांगतात. मी समाधानाने मान हलवायला सुरुवात केली.

"आणि हा," वेल्डर माझ्याकडे बोट करत म्हणाला, "हा दारातच बसल्या बसल्या झोपला होता. तोंड उघडं टाकून. डोंगराकडेच तोंड."

सगळे माझ्याकडे बघू लागले. एकाने वेल्डरला विचारलं, काय राव, मित्र असून उठवलं नाहीत?

"पाच मिनिटांनी उठवणार होतो," वेल्डर म्हणाला. "पण घोरत होता बिचारा. मग ढग आला. विचारा याला."

कोकण्याने टोस्ट बुडवायचा थांबवला आणि पहिल्यांदाच वर पाहिलं, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. त्याचा टोस्ट चहात पडला.

मी मान हलवली. तेव्हापासून आजवर, जिथे जिथे हा डोंगर निघतो तिथे, मी झोपलेलाच असतो.