ब्रेक न वापरल्याबद्दल

आईचा आजार मणक्यात उतरला तेव्हा माझ्या थोरल्या भावाने त्याची इलेक्ट्रिक गाडी आम्हाला दिली. तो स्वतःसाठी नवी, मोठी गाडी घेणारच होता. जुनी विकण्यापेक्षा आईच्या उपयोगी पडेल, असं त्याने सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं. गाडी नावावर त्याच्याच राहिली. मी वारज्याला आईबरोबर राहायचे, दादा कात्रजला. त्यामुळे गाडी माझ्या दारात, आई माझ्या घरात आणि कौतुक त्याच्याकडे, अशी वाटणी झाली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटायला वेळही नव्हता.

आईला स्वारगेटजवळच्या एका हॉस्पिटलात वारंवार न्यावं लागे. हाडं इतकी ठिसूळ झाली होती की गाडीला जरा हिसका बसला तरी ती श्वास रोखून धरायची. ओरडायची नाही. खिडकीच्या वरच्या मुठीला धरलेली तिची बोटं पांढरी व्हायची, त्यावरून मला कळायचं. रिक्षाचा तर विचारही करता येत नव्हता.

इलेक्ट्रिक गाडीत एक सोय असते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच गाडीला मागे धरते, वेग उतरतो आणि तेवढी वीज बॅटरीत परत जाते. मी ती सोय सगळ्यात वरच्या खुणेवर ठेवली आणि पाय अगदी सावकाश उचलायला शिकले. सिग्नल लांबून दिसला की तिथूनच वेग उतरवायचा. गतिरोधक कुठे आहेत हे मला पाठ झालं होतं. पट्टे मारलेले आणि न मारलेलेही. ब्रेकवर पाय जवळजवळ जायचाच नाही. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. एकदा म्हात्रे पुलावर एका गृहस्थांनी शेजारी येऊन काच खाली केली आणि विचारलं, "बाई, कुठे पोचायचंय की नुसतंच निघालात?" आई म्हणाली, "त्यांना सांग, वरात आहे."

एरवी ऑफिसला, बाजारात मी स्कूटरनेच जायचे. गाडी फक्त आईसाठी बाहेर निघायची.

मध्ये एकदा मला सणकून ताप आला आणि हॉस्पिटलची वेळ चुकवता येणार नव्हती. मी दादाला फोन केला. तो आला, तेही सुट्टी टाकून, हे सांगायला हवं. त्याने आईला नेलं आणि आणलं. परत आल्यावर सोफ्यावर बसून चहा पिताना तो म्हणाला, "काय गं आई, त्रास नाही ना झाला?" आई म्हणाली, "छे, छान चालवतोस तू." तो खूश होऊन गेला.

दार लागल्यावर आई भिंतीला धरून उभी राहिली आणि तिला पाऊल टाकता येईना. तिला पलंगापर्यंत मी कसं नेलं ते माझं मला माहीत. दादाने नेहमीच्या सवयीने गाडी चालवली होती. जवळ जाऊन ब्रेक, सिग्नल सुटला की पळव, पुन्हा ब्रेक. त्यानंतर कितीतरी दिवस आईला बसवत नव्हतं. मी फोन उचलला तर ती म्हणाली, "त्याला सांगू नकोस. जिवाला लावून घेईल." मी तिला विचारलं, "आणि मी?" ती म्हणाली, "तू काय, तू आहेसच की."

हे वाक्य मी पुष्कळदा मनात उलटंपालटं करून पाहिलंय. त्यातून मला हवा तो अर्थ अजून निघालेला नाही.

आषाढात आई गेली. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये पावसात उभी राहिली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. आईची सीट मागे रेललेली तशीच होती, पाठीची उशी तिथेच होती. गणपती झाले आणि दादाचा फोन आला. "मुलीला कॉलेजला जायला गाडी लागेल. रविवारी येऊन घेऊन जातो."

तो आणि वहिनी आले. मी किल्ली दिली. दादाने गाडी बाहेर काढली आणि सोसायटीच्या गेटपाशी ब्रेक दाबला. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, वॉचमननेही मान वळवली. दादा गाडी मागे घेऊन आला, उतरला, वाकून चाकाच्या आत बघितलं आणि म्हणाला, "काय अवस्था केलीयेस ही? एवढी गाडी दिली होती, तीही नीट सांभाळली नाहीस."

वहिनी दुसरीकडे बघायला लागल्या.

"तीही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय? गाडी."

"तीही म्हणालास तू."

"अगं, शब्दात पकडू नकोस उगाच."

कदाचित त्याच्या मनात तसं काही नसेलही. पण आईच्या शेवटच्या महिन्यात, तिला आधीच दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, असं तो एका मावशीपाशी बोलला होता आणि मावशीने ते माझ्यापर्यंत पोचवलं होतं. मी एवढंच म्हटलं, "गाडी ठेवून जा. दुरुस्त करून देते." तो म्हणाला, "नको, नावावर माझ्या आहे, मीही येतो."

पुढच्या रविवारी आम्ही हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. मालकाने गाडी वर उचलून पुढची चाकं काढली. प्रत्येक चाकाच्या आत ताटलीएवढी लोखंडी डिस्क असते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात, त्यानेच गाडी थांबते. आमच्या डिस्कची कड गंजून तिचे पापुद्रे निघत होते आणि आतल्या बाजूला खड्डे पडले होते. पॅड ज्या सांध्यावर सरकतात तोही गंजून जाम झाला होता.

मालक दादाला म्हणाला, "सर, जाडी आहे अजून. झिजलेली नाहीये, गंजून खराब झालीये. लेथवर घासून उपयोग नाही, खड्डे खोल आहेत. दोन्ही डिस्क आणि पॅड नवीनच टाकावे लागतील."

"कशामुळे झालं?"

"ब्रेक वापरलाच नाही. पेट्रोलच्या गाडीत डिस्क झिजून जाते, या गाड्यांमध्ये पडून पडून गंजते. मधूनमधून जोरात ब्रेक मारावा लागतो, म्हणजे गंज निघून जातो." मग माझ्याकडे वळून तो हसला. "मॅडम, ब्रेक दिलाय तर वापरायचा की."

दादाही हसला. "बघ. मी म्हटलं नव्हतं?"

मी बाजूला होऊन टायरच्या ढिगाजवळ उभी राहिले. मालकाने जुन्या डिस्क काढल्या, बसायच्या जागेवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, नव्या डिस्कवरचं तेल पुसून त्या बसवल्या, सांध्यांना ग्रीस लावलं. चाकं चढवून झाल्यावर त्याने दादाला सांगितलं की नवीन डिस्क आणि पॅड एकमेकांवर घासून नीट बसायला हवेत. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा आणि ब्रेक दाबून तो बराच उतरवायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. मध्ये जरा थंड होऊ द्यायचं, मग पुन्हा. आणि ती मोटरची सोय अगदी कमी ठेवायची, म्हणजे सगळं काम ब्रेकवर येईल.

दादा गाडी चालवायला बसला. मी शेजारी, आईच्या सीटवर बसले आणि सीट सरळ करून घेतली. शिवण्याच्या पुढे एका नव्या स्कीमसाठी रुंद रस्ता करून ठेवलाय, इमारती अजून उभ्या राहायच्या आहेत. तिथे त्याने वेग घेतला आणि ब्रेक दाबला. पट्टा माझ्या छातीत रुतला. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझा हात आपोआप वर गेला आणि मी खिडकीवरची मूठ धरली.

"आईला तू एकदा नेलं होतंस," मी म्हटलं.

"हो. तुला ताप होता तेव्हा." त्याने पुन्हा वेग घेतला. "छान चालवतोस म्हणाली होती."

"तू गेल्यावर तिला पाऊल टाकता येत नव्हतं. तू असाच ब्रेक मारत होतास. म्हणून मी ब्रेक वापरत नव्हते, दादा. म्हणून गंजलं ते."

त्याने ब्रेक दाबला नाही. गाडी तशीच पुढे जात हळू झाली. त्याने ती कडेला घेतली. मालकाने थांबू नका म्हणून सांगितलं होतं, ते मला आठवलं. दादा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला.

"मग तिने मला का नाही सांगितलं?"

"तू जिवाला लावून घेशील म्हणून."

"आणि तू आता सांगतेस."

"हो."

"आता सांगून काय मिळालं तुला?"

मी खरंच विचार केला. इतके महिने मला वाटत होतं की हे एकदा त्याच्या तोंडावर बोलले की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नव्हतं. त्याचा चेहरा बघून मला बरंही वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. "काही नाही," मी म्हटलं.

त्याने मला वारज्याच्या पुलाखाली सोडलं. घरापर्यंत येतो म्हणाला नाही, मीही म्हटलं नाही. गाडी तो घेऊन गेला. वहिनींनी दुसऱ्या दिवशी मेसेज केला, पोचली, आवाज नाही आता.

त्यानंतर आम्ही फक्त कामाचं बोललो. आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, तिच्या बँकेतल्या सह्या, घराचा कर. दादा बोलायचा ते अगदी नीट, समजूतदारपणे. ऑफिसात माझे साहेब माझ्याशी बोलतात तसं.

वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणून या भाऊबीजेला ओवाळणं नव्हतं. तरी दादा आला. एकटाच आला, रिक्षाने. मी पोहे केले. त्याने अर्धे खाल्ले, मुलीच्या परीक्षेबद्दल सांगितलं, आईच्या खोलीच्या दारात जरा उभा राहिला, आत गेला नाही. निघताना बूट घालायला तो खुर्चीवर बसला आणि खाली बघूनच त्याने विचारलं, "किती दिवस पडून होती ती, त्या वेळी?"

आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. आई असती तर तेच म्हणाली असती. मी खरा आकडा सांगितला. त्याने मान हलवली, लेस बांधली आणि येतो म्हणून जिना उतरून गेला.