चार नादुरुस्त मशिनं

मशीन सुरू करण्याआधी ते त्याच्या कडेवर तळहात ठेवायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, क्षणभर. मग म्हणायचे, "बोल बाई, काय होतंय?"

मशीन बाईच कशी, असं मी एकदा विचारलं. "दिवसभर राबायचं," ते म्हणाले, "आणि जरा तक्रार केली की सगळे अंगावर येणार. मग बाईच की वो, सिस्टर."

कुवेतमधल्या एका सरकारी इस्पितळात मी डायलिसिसच्या खोलीत नर्स होते आणि ते तिथली मशिनं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ. मी चिपळूणची, ते मिरजेचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांची मुलगी आता मोठी झाली असेल, हे तिच्या वाचनात येईल, आणि तिनं काहीच केलेलं नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ऑफिसात, इमारतीत, कुठेही एखादं असतंच, ज्याच्याकडे सगळे आपली मोडकी वस्तू घेऊन जातात. आमच्याकडे ते होते. पाण्याचा पंप बंद पडला, होस्टेलच्या फ्रीजनं गारवा सोडला, इजिप्तच्या डॉक्टरांच्या मोटारीची काच खाली येईना, कशालाही त्यांचं उत्तर एकच. "होतंय की." आणि व्हायचं. एकदा शुद्ध पाण्याच्या यंत्राचा एक भाग गेला आणि कंपनीनं सांगितलं, महिनाभर लागेल. हे दुपारच्या सुट्टीत शुवैखच्या गॅरेजांच्या गल्ल्यांत गेले आणि मोटारी धुण्याच्या पंपातला कसलासा वॉल्व्ह घेऊन आले. संध्याकाळपर्यंत पाणी सुरू. डॉक्टरांनी विचारलं, हे नियमात बसतं का? तर म्हणाले, "नियमात नाही बसत. पायपात बसतंय."

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी मी सालमियाला त्यांच्या घरी जेवायला जायची. वहिनी तांबडा रस्सा करायच्या आणि मी कोकणातली म्हणून माझ्या वाटीत मुद्दाम थोडं नारळाचं दूध घालायच्या. मुलगी सात वर्षांची. बाप मराठीत विचारणार, "हात धुतलेस का गं?" आणि ती म्हणणार, "ऑलरेडी, पप्पा." मग ते माझ्याकडे वळून कळवळून म्हणायचे, "ही आमच्या आईशी काय बोलणार वो?" त्या घरात मला कधी परकं वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना माझ्या आवाजात जे येईल ते यामुळेच येईल.

आमच्याकडे रुमैथियाहून एक म्हातारी बाई यायची. कुवेती लोक आईला यम्मा म्हणतात, आम्हीही तिला यम्माच म्हणायचो. एक दिवसाआड चार तास ती मशीनला जोडलेली असायची. खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "तो हिंदी कुठाय?" हिंदी म्हणजे भारतीय. त्यांनी मशीनवर हात ठेवल्याशिवाय ती मला सुई लावू द्यायची नाही. ते मिरजेच्या वळणाच्या अरबीत तिला काहीतरी सांगायचे, ती काळ्या अबायाचं टोक तोंडावर धरून हसायची. काय सांगता, असं विचारलं तर म्हणाले, "सांगतो, मशीन तुझ्याएवढीच म्हातारी आहे, पण तुझ्याहून कमी कुरकुरते."

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं. ते कसं आलं हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या खोलीत ते आलं म्हणजे एवढंच झालं, की निम्मे रुग्ण यायचे थांबले आणि उरलेले रस्त्यावरच्या चौक्या ओलांडत, उशिरा, घामानं भिजून यायला लागले. किडनीला युद्ध कळत नाही. चार-पाच दिवस मशीन मिळालं नाही की माणूस सुजायला लागतो.

सप्टेंबरात इस्पितळांतून सामान जायला लागलं. ट्रक यायचे, सैनिक यंत्रं उचलायचे आणि बसऱ्याच्या दिशेनं न्यायचे. आमच्याकडे बारा मशिनं होती. पाळी येणार हे उघड होतं.

तेव्हा त्यांनी जे केलं ते मी आजही कौतुकानंच सांगते. त्यांनी बारांतली सगळ्यात चांगली चार मशिनं निवडली. त्यांची मागची झाकणं उघडली, वायरी बाहेर लोंबत्या ठेवल्या, आणि प्रत्येकातलं एक सर्किट कार्ड, ज्यावाचून मशीन सुरूच होत नाही, ते काढून स्टोअरमध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या डब्यात लपवलं. डॉक्टरांकडून अरबीत चार चिठ्ठ्या लिहून घेतल्या, 'खर्बान'. आपलंच खराब. त्या चिकटवल्या आणि वर थोडी धूळ फुंकली. सैनिक आले, आठ मशिनं घेऊन गेले, ही चार तशीच सोडली. एकानं तर जाताना एका मशीनला लाथ घातली.

ट्रक फाटकाबाहेर गेल्यावर ते खाली बसले आणि इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. त्यानंतर रोज सकाळी कार्डं बसवायची, रुग्ण झाले की काढून डब्यात ठेवायची, आणि चिठ्ठ्या परत चिकटवायच्या. हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. ते, मी आणि डॉक्टर.

त्याच सुमारास चिपळूणकडच्या दहा-बारा जणांनी मिळून बस ठरवली. बसरा, बगदाद, मग अम्मान, तिथून विमानानं मुंबई. माझ्यासाठी जागा ठेवली होती. मी त्यांना स्टोअरमध्ये गाठलं आणि सांगितलं. ते डब्याचं झाकण लावत होते.

"जाताय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा."

त्यांनी डबा वरच्या फळीवर सरकवला. मग म्हणाले, "मशीन बघणारा गेला तर नर्सनं काय करायचं? आणि नर्स गेली तर माझ्या मशिनांनी काय करायचं? सिस्टर, आपण एकदम जाऊ. यांची कुठं सोय झाली की त्याच दिवशी. तुम्हाला सोडून मी जात नाही, माझ्या लेकीची शपथ."

मी बस सोडली. आईला तार करता येत नव्हती. ती महिनाभर समजत राहिली की मी मेले.

ऑक्टोबरात शहर रिकामं झालं. सालमियाच्या त्यांच्या इमारतीत तीनच बिऱ्हाडं उरली. वहिनी स्वयंपाकघराची खिडकी उघडत नव्हत्या. मुलीनं बोलणंच कमी केलं, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. इतर भारतीयांना जाता येत होतं, पण इस्पितळातल्या तंत्रज्ञांना नव्या अधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद लागायचा आणि तो कुणालाच मिळत नव्हता. ते दोनदा त्या कचेरीत जाऊन आले. मी विचारलं, काय झालं? "होतंय की," म्हणाले. पण या वेळी माझ्याकडे न बघता.

एका बुधवारी निघताना म्हणाले, "उद्या जरा उशीर होईल, सिस्टर."

गुरुवारी ते आलेच नाहीत. मी रुग्णांना थांबवून ठेवलं. कार्डं बसवायला तेच लागत. दहाच्या सुमाराला ट्रक आला. या वेळी सैनिकांनी खोलीत इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही. अधिकारी हातात कागद घेऊन सरळ चिठ्ठ्या लावलेल्या मशिनांकडे गेला, नंबर वाचले, मग स्टोअरमध्ये गेला आणि फिल्मचा डबा खाली काढला.

कागद मी पाहिला. अधिकारी माझ्याशेजारीच उभा होता. स्वच्छ इंग्रजी अक्षर, साताच्या पोटात आडवी रेघ. आमच्या दुरुस्तीच्या वहीत तीन वर्षं मी तेच अक्षर वाचत होते.

मला राग आला नाही. आधी मला लाज वाटली, कुणीतरी भर खोलीत माझ्या तोंडात मारल्यासारखी. यम्मा दारातल्या खुर्चीवर बसली होती. मशीन तिच्यासमोरून ढकलत नेलं तेव्हा तिनं मला विचारलं, "तो हिंदी कुठाय?"

पण कागदावर तीनच नंबर होते. डब्यातही तीनच कार्डं निघाली. तिसऱ्या नंबराखाली रेघ मारलेली होती. सैनिकांनी तीन मशिनं नेली आणि चौथं खोलीच्या मधोमध उभं राहिलं, पाठ उघडी, 'खर्बान'ची चिठ्ठी लावलेलं.

डॉक्टर म्हणाले, "त्यानं एक आपल्यासाठी ठेवलं आहे. कार्ड इथेच कुठेतरी असणार. शोधा."

आम्ही दोन दिवस शोधलं. कपाटांच्या मागे, एसीच्या जाळीत, गाद्यांच्या खोळींत, त्यांच्या हत्यारांच्या पेटीत. मी सालमियालाही गेले. शेजारच्या मल्याळी बाईनं सांगितलं, ते बुधवारी दुपारीच गेले, तिघंही, मोटारीनं. परवानगीचा कागद होता म्हणे. कागद कशाच्या बदल्यात मिळाला हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कार्ड सापडलं नाही. यम्माला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात पाठवलं. तिथे रांग होती, वाटेत चौक्या होत्या. ती दोनदा गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचा मुलगा खजुरांचा डबा घेऊन आला, तिनं आमच्यासाठी काढून ठेवलेला. डबा टेबलावर ठेवून तो दारातल्या तिच्या खुर्चीकडे बघत राहिला, तेव्हा मला कळलं. त्या आठवड्यात खोलीला कुलूप लागलं. मी अम्मानमार्गे घरी आले.

आता तुम्ही म्हणाल, त्याला लेक होती, बायको होती, त्यानं काय करायचं होतं? मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे, की तुम्ही नाही विचारला तरी चालेल. कदाचित मीही तेच केलं असतं. पण मी सांगून केलं असतं. 'सिस्टर, मी हरलो, तुम्ही निघा,' एवढं बुधवारी दारात सांगायला किती वेळ लागला असता? त्यांच्या शब्दावर मी बस सोडली होती. मशिनं त्यांनी सैनिकांना दिली. मला मात्र त्यांनी कुणालाच दिलं नाही, नुसतं तिथे विसरले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी मिरजेला गेले. पत्ता माझ्याकडे होता, दिवाळीची कार्डं मीच तर त्यांच्या आईला पोस्टात टाकायची. दार वहिनींनी उघडलं. बारीक झाल्या होत्या. मला पाहून त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मग, काहीतरी आठवल्यासारखं होऊन, सोडून दिला.

"ते बाहेर गेलेत," त्या म्हणाल्या. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. दोघींनी ऐकला. मुलगी त्याच सकाळी मामाकडे गेली होती, ते बरं झालं.

चहा झाला. मी म्हटलं, "वहिनी, मला भांडायचं नाही. एकच विचारायचंय. चौथं कार्ड कुठे ठेवलं होतं?"

त्यांना काहीच कळलं नाही. "असं विचारा त्यांना, ते समजतील," मी म्हटलं. त्या आत गेल्या. दार लोटलं गेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे आकडे होते, ते मी दोनदा वाचले.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणतात, तुमच्या लॉकरवर. तिथं तुमची कापडी पिशवी होती ना, स्वेटरची? त्यात ठेवलं होतं. म्हणतात, त्यांना वाटलं तुम्ही बघाल."

पिशवी होती. आईनं विणलेला स्वेटर तीत होता. तिथल्या उकाड्यात मी तो कधी काढला नाही, आणि निघताना पिशवी तशीच लॉकरवर राहिली. त्या लॉकरसमोर मी तीन आठवडे रोज कपडे बदलत होते.

"खरं सांगताहेत?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक, सिस्टर?" वहिनी रडायला लागल्या. "मला मशिनांचं काहीच बोलले नव्हते. ऊठ म्हणाले, पोरीचे कपडे भर म्हणाले. मी भरले."

माझी पिशवी लॉकरवर असायची, हे त्या खोलीत येणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं. इस्पितळ नंतर पार लुटलं गेलं, तपासायला आता काही उरलेलं नाही. ते खरं बोलले असतील तर यम्माचं मशीन माझ्या डोक्यावर दोन वीत उंचीवर होतं. खोटं बोलले असतील तर त्यांनी बंद दाराआडून, बायकोच्या तोंडून, तो दोषही माझ्यावर ढकलला. यातलं कुठलं मानावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि इतकं होऊनही त्यांना मनातसुद्धा अरे-तुरे करता येत नाही.

मी उठले. वहिनींनी कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. रस्त्यावर येऊन रिक्षासाठी थांबले आणि सहज वर पाहिलं.

ते गच्चीवर होते, माझ्याकडे पाठ करून. दोरीवरचे कपडे काढत होते. वहिनींनी नुकतेच वाळत घातलेले, पाणी गळणारे कपडे. एकेक काढून ते डाव्या हातावर टाकत होते. चादर, मुलीचा फ्रॉक, टॉवेल. दोरी रिकामी झाली तरी ते तिथेच उभे राहिले, तो ओला ढीग छातीशी धरून. त्यांचा शर्ट पाठीपर्यंत भिजत गेलेला मला खालून दिसत होता. रिक्षा आली, मी बसले. ते वळले नाहीत.